पावण्यांचं गाव विचारणारे अण्णा

आमच्या पॅथॉलॉजी विभागात रुजू होणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत दोनदा व्हायची. पहिली निवड समितीसमोर, ती सोपी. दुसरी वितळत्या मेणाच्या वासाने भरलेल्या आतल्या लांबट खोलीत, अण्णांसमोर. अण्णा आमचे टेक्निशियन. ऑपरेशनात काढलेला गाठीचा किंवा आतड्याचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घेऊन रंगवायचे, हे त्यांचं काम. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं, हे आम्हा डॉक्टरांचं. पगार आमचा जास्त होता, रुबाब अण्णांचा.

मी पुण्यात एम.डी. करून कोल्हापूरच्या त्या मेडिकल कॉलेजात लेक्चरर म्हणून आले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी. सुवर्णपदक मिळालेलं असल्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हते. अण्णांच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, "नमस्कार, मी डॉक्टर..."

"नाव ऱ्हाऊ द्या. गाव कुठलं?"

"सांगली."

"सांगलीत कुठं?"

मी गल्लीपर्यंत सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. "बसा अक्का. काप काढाय येतो काय?"

मी म्हटलं, तो टेक्निशियनचा विषय आहे.

"म्हंजे सैपाकाला नावं ठिवायची, पर चुलीकडं जायचं न्हाय. झ्याक हाय की!"

माझा संताप संताप झाला. विभागप्रमुखांकडे तक्रार घेऊन गेले, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मलाही हेच म्हणाले होते. पंधरा वर्षं झाली. काप काढायला शिका, सोपं जाईल." शिकले. पहिले आठ दिवस माझ्या हातून काप नव्हे, नुसता भुगा पडत होता. अण्णा शेजारी उभे राहून तो फुंकरीने उडवत आणि एक अक्षर बोलत नसत, हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. मग एका दुपारी यंत्राचं चाक फिरवताना कापांची सलग रिबीन बाहेर आली आणि मी खुर्चीतून ओरडलेच. अण्णांनी त्या दिवशी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि खर्डा माझ्यापुढे सरकवला. माझ्या मते माझी खरी नेमणूक त्या दिवशी झाली.

अण्णा मूळचे पार सीमेवरचे, घरात कानडी आणि बाहेर रांगडं कोल्हापुरी. म्हणून बायांना ते मॅडम म्हणत नसत, अक्का म्हणत. डीन बाईंनासुद्धा. आणि तपासणीसाठी आलेल्या प्रत्येक तुकड्याला ते म्हणत पावणं. "सकाळधरनं सात पावणी आल्यात," असं ते सांगत तेव्हा नवीन माणूस दाराकडे बघायचा. एखाद्या सर्जनने मोहरीएवढा तुकडा पाठवला तर अण्णा थेट ऑपरेशन थिएटरला फोन लावत. "सायेब, एवढंसं पावणं धाडलंयसा, त्येला बसवू कुठं? जरा जोडीला कोण असंल तर बगा की!" मोठमोठे सर्जन आमच्याशी तावातावाने भांडत, पण अण्णांचा फोन आला की गुपचूप दुसरा तुकडा पाठवून देत.

तुकडे बसवायचे पितळी साचे त्यांनी शाहूपुरीतल्या एका लेथवाल्याकडून स्वतः बनवून घेतले होते. कॉलेजने पुरवलेले साचे त्यांना पसंत नव्हते. लेथवाल्याला त्यांनी तीनदा माल परत केला. तो वैतागून म्हणाला, "अण्णा, इंजिनाचा पार्ट हाय काय ह्यो?" अण्णा म्हणाले, "इंजान बंद पडलं तर दुसरं मिळतंय." चौथ्यांदा त्याने साचे केले ते मी कॉलेज सोडेपर्यंत वापरात होते.

सगळ्यात मोठी गंमत अशी की या माणसाने कधीही सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं नव्हतं. आयुष्यात हजारो काचा रंगवल्या, त्यात काय दिसतं ते बघितलं नाही. मी एकदा खूप आग्रह केला. "नगं अक्का. त्यात बगितलं की मानूस शाना हुतोय. मग हाताला कळंना हुतंय." मला तेव्हा ही निव्वळ अडाणी घमेंड वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णा हसले आणि सुरीला धार लावायला बसले.

पुढे दोन हजार सालानंतर एका परिषदेत आमच्या विभागाच्या स्लाइड्सना पहिलं बक्षीस मिळालं. मी हट्टाने अण्णांना बरोबर नेलं होतं. ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कानावर पेन्सिल तशीच ठेवून स्टेजवर चढले. अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, एवढा स्वच्छ रंग कसा येतो, काही खास पद्धत? सगळं सभागृह कान टवकारून बसलं. अण्णा माइकमध्ये म्हणाले, "पानी बदलतो." आणि खाली उतरले. टाळ्या थांबेनात. माझा ऊर एवढा भरून आला की स्वतःच्या सुवर्णपदकाच्या वेळीही तसा आला नव्हता.

पण अण्णा म्हटलं की आधी आठवते ती हाक.

विभागात कुठलाही तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना अण्णा पेशंटचं गाव मोठ्याने पुकारत आणि घेणाऱ्याने तेच गाव परत पुकारायचं. "इचलकरंजी!" "इचलकरंजी आलं!" "गारगोटी!" "गारगोटी आलं!" बरणीतून साच्यात, साच्यातून यंत्रावर, यंत्रावरून काचेवर, प्रत्येक पायरीला ही आरोळी. एकाच गावची दोन माणसं असली तर आडनाव जोडायचं. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं, आत एसटी स्टँड आहे. मला सुरुवातीला याची शरम वाटली, महिन्याभरात सवय झाली आणि तीन महिन्यांनी मीच सगळ्यात मोठ्याने ओरडू लागले.

आता मी रुजू झाले त्या वर्षाकडे येते. आमच्या विभागाला एम.डी.चे विद्यार्थी घेण्याची मान्यता हवी होती. दोनदा अर्ज केला होता, दोनदा नामंजूर झाला होता. शिक्षक कमी, हे कारण. म्हणून मला आणि आणखी दोन लेक्चररना घेतलं होतं, पण तात्पुरतं. मान्यता मिळाली तर आम्ही तिघं कायम, नाही मिळाली तर तिघंही घरी. त्या दोघांतला एक नुकताच लग्न करून आला होता, त्याची बायको रोज संध्याकाळी विचारायची, "काही कळलं का?" विभागप्रमुखांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. आपल्या हातून एकही एम.डी. विद्यार्थी घडला नाही, हे दुःख त्यांना आतून खात होतं. ते कधी बोलत नसत, पण कळायचं.

तपासणीची तारीख आली आणि सरांचे धाबे दणाणले. खिडक्या धुतल्या, स्टुलांना रंग दिला. तपासणीच्या आठवडाभर आधी त्यांनी फर्मान काढलं, "हे गावांच्या नावाने ओरडणं बंद. परराज्यातले तज्ज्ञ येणार. काय म्हणतील? मोठ्या संस्थांत नंबर असतो. नंबरावर काम करा." मला तेव्हा ते पटलं, हे कबूल करायला हवं. अण्णा एवढंच म्हणाले, "बरं."

आठवडाभर विभागात शांतता पसरली. आम्ही सगळे कसे शहाण्यासारखे कुजबुजत काम करत होतो. अडचण एकच होती. प्रत्येक तुकड्याबरोबर पेन्सिलने नंबर लिहिलेली चिठ्ठी असायची, पण वर्षानुवर्षं हाकेवर चालल्यामुळे ती चिठ्ठी वाचायची सवयच आमच्यापैकी कोणाला उरली नव्हती. चिठ्ठी सोबत जायची, लक्ष कानाकडे असायचं. आता कानही गेला होता आणि डोळ्याची सवय अजून लागायची होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याच आठवड्यात स्तनातल्या गाठींच्या दोन बरण्या आल्या. एक कबनूरच्या चोवीस वर्षांच्या मुलीची, यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरणारी. दुसरी चंदगडकडच्या पन्नाशीच्या बाईची. दोन्ही गाठी अण्णांसमोर मीच कापून बघितल्या, वर्णन लिहिलं. मेणात बसवताना मी तुकडे देत होते आणि अण्णा साचे भरत होते. अण्णा तपासणीच्या तयारीत अडकल्यामुळे काप दुसऱ्या लेक्चररने काढले आणि चार दिवसांनी काचा आल्या. कबनूरच्या नंबरावर कॅन्सर होता, चंदगडच्या नंबरावर साधी, निरुपद्रवी गाठ. मी हळहळले, चोवीस वर्षांच्या पोरीच्या नशिबी हे काय म्हणून, आणि रिपोर्टवर सही केली. चंदगडची बाई आनंदाने घरी गेली. कबनूरच्या मुलीचा स्तन काढायचं ठरलं.

तपासणीचा दिवस उजाडला. आलेले तज्ज्ञ उंच, शांत, कमी बोलणारे. त्यांना मराठी येत नव्हती. साडेदहाच्या सुमारास ते अण्णांच्या खोलीत आले. चालू आठवड्यातल्या मेणाच्या वड्यांतून त्यांनी मनाला येईल ती एक उचलली आणि खुणेने सांगितलं, याचे काप काढून दाखवा. सर आणि आम्ही तिघं लेक्चरर भोवती उभे होतो.

अण्णांनी नंबर बघितला, वहीतलं गाव बघितलं. ओठातल्या ओठात म्हणाले, "कबनूर." चाक फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. थांबले. अंगठ्याने वडीचा पृष्ठभाग चाचपला. पुन्हा एकदा फिरवलं, कान जवळ नेऊन.

"ह्ये कबनूरचं न्हाय," अण्णा म्हणाले.

सर दबक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, कापा गुमान."

"कापतो की सायेब. पर ह्ये दुसऱ्याचं हाय. कबनूरचं पावणं रबरागत हुतं, सुरीखालनं टुणकन उडालतं. अक्का हुत्या की तितं. ह्ये बगा कसं खरखरतंय, हिरव्या पेरूगत. ह्ये चंदगडचं."

तज्ज्ञांनी इंग्रजीत विचारलं, काय म्हणतायत हे? सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते इंग्रजीतच उत्तरले, "ब्लेड बदलायला हवं म्हणतोय."

सरांना मी आजही दोष देत नाही. पंधरा वर्षं त्यांनी त्या दिवसाची वाट बघितली होती. पण सुरीखालून उडालेला तो गुळगुळीत गोळा मला लख्ख आठवला. मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, रबरासारखी, गोल, सहज सुटणारी. आणि चार दिवसांनी त्याच नंबरावर कॅन्सर दिसला तेव्हा मागचं पान उलटून बघितलं नव्हतं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. अकराला सुरू होणाऱ्या त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या यादीत कबनूरची मुलगी पहिली होती.

मी तज्ज्ञांकडे वळून बोलले. इंग्रजीत, धडाधड, थोडी अडखळत. "सर, ब्लेड नाही. आमच्याकडून दोन पेशंटच्या वड्यांची अदलाबदल झाली आहे. रिपोर्टवर सही माझी आहे. एका मुलीचा चांगला स्तन आता काढला जाणार आहे. मला जाऊ द्या." उत्तराची वाट न बघता पळत सुटले.

दोन इमारती, एक जिना आणि चपला हातात. थिएटरच्या दारात सिस्टरने अडवलं, तिला मी ढकललं असावं, नंतर मी तिची माफी मागितली. मुलगी टेबलावर आडवी झाली होती, भूलतज्ज्ञ सुई भरत होते. मी दारातूनच किंचाळले, "थांबा! रिपोर्ट चुकलाय!" सर्जनने जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि ते सगळं रास्त होतं. मुलगी टेबलावर उठून बसली. "म्हंजे मला न्हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुला नाही. तुला काही नाही. चूक आमची आहे." तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

परत आले तर तज्ज्ञ माझ्या नोंदींची वही उघडून बसले होते आणि अण्णा अंगातला पांढरा कोट काढत होते.

"कुठे निघालात?" सरांनी विचारलं.

"चंदगडला. अकरा पंचवीसची गाडी हाय. त्या बाईला आपण बरी हाईस म्हणून धाडलीया. ती कशाला परत येतीय आपसूक?"

"अण्णा, चार वाजता माणसं मोजणार आहेत. तुम्ही नसलात तर टेक्निशियन नाही असं लिहितील. या तिघांच्या नोकऱ्या आहेत हो!"

अण्णांनी आम्हा तिघांकडे एकेकाकडे बघितलं. लग्न झालेला तो बिचारा खाली बघत होता. मग त्यानेच मान वर केली आणि म्हणाला, "जा अण्णा. गाडी चुकेल."

अण्णा गेले. मी तज्ज्ञांना ते कुठे गेले ते सांगितलं. त्यांनी विचारलं, असा प्रकार पूर्वी घडला होता का? मी म्हटलं, कधीच नाही. मग आत्ताच कसा? आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? हाकेची पद्धत सांगितली, ती आठवड्यापूर्वी बंद केल्याचंही सांगितलं. तज्ज्ञ खुर्चीत मागे रेलले. "मला करून दाखवा," म्हणाले.

अण्णा नव्हते. मी बरणी उचलली आणि आजूबाजूला बघितलं. पुढे आले ते आमचे विभागप्रमुख. टायची गाठ सैल करून त्यांनी साचा हातात घेतला.

"कागल!" मी ओरडले.

"कागल आलं!" सर असे गरजले की व्हरांड्यातून एक म्हातारा धावत आत आला. तो कागलचा होता. त्या परिस्थितीतही आम्ही पोट धरून हसलो, तज्ज्ञसुद्धा. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, की हाक राहू द्या, चिठ्ठीही वाचत जा. दोन्ही करा. टेक्निशियनच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी चोरून वाचलं. लिहिलं होतं, हजर, कामानिमित्त बाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा त्या बाईला घेऊन आले. कसं पटवलंत, म्हटलं तर म्हणाले, "तिच्या भावानं लई शिव्या दिल्या. मी म्हटलं, द्या. आमचीच चूक हाय, तिची न्हाय. आता गाडीत बसवा तिला. मग ऱ्हायलेल्या शिव्या वाटंत दिल्या त्येनं." भाऊ मागेच उभा होता, काजूची पिशवी घेऊन.

बाईच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून ऑपरेशन दोन आठवड्यांनी झालं. स्तनाबरोबर काखेतल्या चौदा ग्रंथी आल्या. कॅन्सर तिथे पोचला आहे का, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरणार होतं. प्रत्येक काचेला अण्णांनी हाक दिली, प्रत्येक चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी एकेक काच मोजत गेले. नवव्या काचेवर होते तेवढ्यात सर हातात पाकीट फडकवत धावत आले. "आली! मान्यता आली! अहो, ऐकताय ना? एम.डी.च्या तीन जागा दिल्या आहेत!"

"सायेब, थांबा," अण्णा म्हणाले. "अक्का मोजत्यात."

आणि सर खरोखर थांबले. पंधरा वर्षांची वाट बघणं हातात धरून, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. बाकीचे दोघंही येऊन उभे राहिले. दहा, अकरा, बारा. तेराव्या काचेवर मला काहीतरी वाटलं, पुन्हा पुन्हा बघितलं, सरांना बघायला लावलं. काही नव्हतं. चौदावी.

"साफ," मी म्हटलं. "चौदाही साफ आहेत." आणि रडायला लागले.

त्यानंतर जो गलका झाला तो तीन बोळांपलीकडे ऐकू गेला असणार. नवविवाहिताने अण्णांना उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. पत्र टेबलावर पडलं होतं आणि अण्णा हात पुसत वॉर्डाकडे चालू लागले होते. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे ते दोघं आणि सगळ्यांत शेवटी विभागप्रमुख, अशी आमची वरात बायकांच्या वॉर्डात शिरली.

चंदगडची बाई भिंतीला टेकून बसली होती. अण्णा तिच्या खाटेपाशी गेले. "अक्का, साफ हाय. समदं साफ हाय."

तिने डोळे मिटून घेतले. भाऊ खाली बसला. मग तिने डोळे उघडून आम्हा सगळ्यांकडे ओळीने बघितलं आणि दरडावून विचारलं, "मग ह्ये सांगाय एवडी मानसं कशाला?"

"ही आमची नवी मानसं हाईत," अण्णा म्हणाले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती आम्हा तिघांकडे रोखली. "आजपासनं पक्की झाली. पयल्यांदा तुमास्नी दावाय आणली."

बाईने आम्हाला पुन्हा एकदा नीट निरखून घेतलं. पसंत पडलो असू, कारण ती भावाला म्हणाली, "बगत काय बसलाईस? मानसं दारात उबी हाईत. च्या सांग की समद्यास्नी!"

भाऊ उठायच्या आत आमचे विभागप्रमुख स्वतः चहा सांगायला पळाले होते.